लढाऊ विमानांच्या पल्ल्याची तुलना करताना या चुका टाळा

नाशिकजवळच्या ओझरला जुळणी झालेल्या आणि पुण्याच्या लोहगाव तळावर नेहमी दिसणाऱ्या सुखोई-३० एमकेआय विमानाचा पल्ला ३,००० किलोमीटर, अमेरिकेच्या एफ-३५ए चा १,०९३ किलोमीटर, म्हणजे सुखोई जवळजवळ तिप्पट लांब मारा करते, असा हिशेब अनेकदा मांडला जातो. दोन्ही आकडे प्रसिद्ध आहेत आणि आपापल्या जागी बरोबरही आहेत. मात्र ते एकाच मापाचे नाहीत.

सुखोईचा आकडा एकूण अंतराचा आहे. आतल्या टाक्या पूर्ण भरून आणि उंचावरून उडत राहून विमान एका दिशेने किती लांब जाईल, एवढेच तो सांगतो. एफ-३५ए चा आकडा युद्धत्रिज्येचा, म्हणजे तळावरून निघून, लक्ष्यावरचे काम उरकून पुन्हा त्याच तळावर उतरता येईल अशा अंतराचा आहे. ही गफलत लक्षात आली की ३,००० चे सरळ निम्मे करून १,५०० लिहिण्याचा मोह होतो. पण त्या निम्म्यात लढाईसाठी लागणारे इंधन, ऐनवेळी दुसऱ्या धावपट्टीकडे वळावे लागले तर हवे म्हणून राखलेले इंधन आणि शस्त्रांचा भार यांपैकी काहीच धरलेले नसते. शत्रूच्या विमानाशी गाठ पडून आफ्टरबर्नर, म्हणजे इंजिनाच्या मागच्या भागात जादा इंधन जाळून जोर वाढवणारी सोय, लावावा लागला, तर इंजिनाचा जोर दुप्पटही होत नाही, इंधनाचा खर्च मात्र कित्येक पटींनी वाढतो, आणि परतीच्या वाटेसाठी ठेवलेले इंधन मिनिटामिनिटाला घटत जाते.

उंची न पाहता आकडा स्वीकारणे ही माझ्या मते सर्वांत मोठी चूक आहे. ३,००० किलोमीटर जाणारे हेच सुखोई जमिनीलगत उडाले, तर त्याचा पल्ला १,२७० किलोमीटरवर येतो. खालची हवा दाट असल्याने विमानाला होणारा विरोध वाढतो, आणि जेट इंजिन जी काटकसर उंचावरच्या विरळ, थंड हवेत दाखवते ती खाली दाखवू शकत नाही. शत्रूच्या रडारला चुकवायचे तर निदान शेवटचा टप्पा अनेकदा खालून गाठावा लागतो. म्हणून उंचावरून जाणे, खाली उतरून मारा करणे आणि पुन्हा उंचावरून परतणे, असा उड्डाणाचा आराखडा दोन्ही विमानांसाठी एकच धरला आहे का, हे आधी तपासावे.

भाराचेही तसेच आहे. सुखोईच्या पोटाखाली सुमारे अडीच टनांचे ब्राह्मोस लावले की वजन आणि हवेचा विरोध दोन्ही वाढतात. एफ-३५ए चा वरील आकडा आतल्या इंधनावरचा आहे. त्याच विमानाच्या पंखांखाली बाँब टांगले, तर तो तसाच लागू होत नाही.

एककांची चूक साधी, पण फसवी असते. एफ-३५ए ची त्रिज्या मुळात ५९० सागरी मैल अशी दिली जाते. सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा असतो. त्याला जमिनीवरचा मैल समजून १.६०९ ने गुणले, तर सुमारे १४३ किलोमीटर हिशेबातून नाहीसे होतात.

हवेत इंधन घेऊन कापलेले अंतर विमानाच्या खात्यावर मांडू नये. जुलै २०२० मध्ये पहिली पाच राफेल फ्रान्सहून अंबाल्याला सुमारे ७,००० किलोमीटर उडत आली, पण वाटेत संयुक्त अरब अमिरातीत एक मुक्काम झाला आणि फ्रेंच टँकर विमानाने त्यांना हवेत इंधन पुरवले. त्या प्रवासावरून राफेलचा युद्धातील पल्ला काढता येत नाही.

लक्ष्यावर पोहोचल्यावर हाताशी किती वेळ उरतो, हा रकाना तर बहुतेक तक्त्यांत नसतोच. ब्रिटन आणि अर्जेंटिना यांच्यातील १९८२ च्या फॉकलंड युद्धात फॉकलंड बेटे अर्जेंटिनाच्या मिराज आणि डॅगर विमानांच्या पल्ल्यात होती. परंतु त्यांना हवेत इंधन घेण्याची सोय नव्हती, आणि मुख्य भूमीवरून तिथवर आलेल्या वैमानिकाला लढण्यासाठी मोजकी मिनिटेच मिळत.