आधी लायसन्स ठरवा, मग कॉलेज

भाचीने विचारलं, "मामा, एव्हिएशनला कुठलं कॉलेज चांगलं?" मी म्हटलं, "पण करायचंय काय?" ती म्हणाली, "एव्हिएशन."

म्हणजे "हॉस्पिटलमध्ये काम करायचंय" असं म्हणण्यासारखंच झालं. डॉक्टर, नर्स, एक्स-रेवाला, हिशेब बघणारा, सगळे तिथेच असतात, पण प्रत्येकाची वाट निराळी. मी हँगरमध्ये काम करतो, विमानांची देखभाल-दुरुस्ती करणारा, म्हणजे मेंटेनन्सचा, बी-वन इंजिनीअर आहे. माझी सही झाल्याशिवाय दुरुस्तीचं विमान प्रवाशांकडे जात नाही. ही सही मला डिग्रीने दिली नाही, लायसन्सने दिली. हा फरक मला तीन वर्षं उशिरा कळला.

मी आधी नावात 'एव्हिएशन' असलेली एक पदवी घेतली. इमारत छान, गणवेश छान, खांद्यावर पट्ट्यासुद्धा होत्या. पहिल्याच मुलाखतीत फोरमनने विचारलं, "मॉड्यूल किती झाले?" मला प्रश्नच कळला नाही. मॉड्यूल म्हणजे लायसन्सचे पेपर, आणि माझ्या पदवीतला एकही विषय त्यात धरला जाणार नव्हता. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, माझ्याहून लहान पोरांच्या बाकावर बसून.

म्हणून पहिलं काम हे: एका कागदावर लिहा की शेवटी तुमच्या हातात कोणता परवाना हवाय. वैमानिक, मेंटेनन्स इंजिनीअर, हवाई वाहतूक नियंत्रक आणि काही देशांत फ्लाइट डिस्पॅचर (जमिनीवरून उड्डाणाची आखणी करणारा) यांना परवाना लागतो. विमानाची रचना करणारा एरोनॉटिकल इंजिनीअर किंवा विमानतळ व्यवस्थापन या वाटांवर पदवी हीच मुख्य गोष्ट. तिथे नेहमीच्या निकषांवर चांगलं विद्यापीठ निवडा, माझा सल्ला फारसा लागणार नाही. एक मात्र लक्षात असू द्या, एरोनॉटिकल इंजिनीअर आणि मेंटेनन्स इंजिनीअर ही दोन वेगळी माणसं आहेत. बहुतेक घोटाळे इथेच होतात.

दुसरं काम मेडिकल, आणि तेही फी भरण्याआधी. व्यावसायिक वैमानिकाला क्लास वन मेडिकल लागतं, नियंत्रकाला क्लास थ्री. चष्मा असेल तर घाबरू नका. आंतरराष्ट्रीय नियमांत चष्म्यासह प्रत्येक डोळ्याची दूरदृष्टी ६/९ आणि दोन्ही मिळून ६/६ चालते. अडतं ते रंगांपाशी. माझ्या बॅचच्या एका मित्राने खालच्या दर्जाच्या मेडिकलवर उड्डाण सुरू केलं, सोलोसुद्धा केलं, म्हणजे एकट्याने विमान उडवलं, आणि मग क्लास वनला ठिपक्यांच्या चित्रातला आकडाच त्याला दिसेना. जन्मापासूनचा दोष, घरात कुणाला माहीत नव्हता. तोवर भरलेले पैसे अर्थातच परत आले नाहीत.

आता वैमानिकाची वाट. इकाओच्या (आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या) नियमांत कमर्शियल लायसन्सला, म्हणजे पगार घेऊन विमान उडवायला, वय १८ पूर्ण आणि उड्डाणाचे २०० तास लागतात. मान्यताप्राप्त अखंड कोर्समधून केलं तर १५० तास. एअरलाइनचा कॅप्टन व्हायला लागणाऱ्या एअरलाइन ट्रान्सपोर्ट लायसन्सला १५०० तास. पदवीची सक्ती यात कुठेही नाही. मग कॉलेज कशाला? काही एअरलाइन्स पदवी मागतात, आणि मेडिकल गेलं तर हातात दुसरं काहीतरी असतं. अमेरिकेत तर पदवीला तासांत किंमत आहे. २००९ मध्ये बफेलोजवळ कोलगनचं ३४०७ विमान कोसळून ५० माणसं गेली, त्यानंतर २०१३ पासून तिथे एअरलाइनच्या सहवैमानिकालाही १५०० तास लागू लागले. पण मान्य कॉलेजातून एव्हिएशनची चार वर्षांची पदवी आणि तिथलंच उड्डाण-प्रशिक्षण असेल तर १००० तासांत भागतं. (त्या अपघातातल्या दोन्ही वैमानिकांचे तास १५०० च्या वरच होते. नियम कसे जन्मतात बघा.) ही सवलत हवी असेल तर त्या कॉलेजकडे त्यासाठीची एफएएची (अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामकाची) वेगळी परवानगी आहे का, हे विचारा. नुसतं मोठं नाव पुरत नाही.

एमपीएल (मल्टी-क्रू पायलट लायसन्स) नावाची, थेट एअरलाइनचा सहवैमानिक होण्याची आणखी एक वाट २००६ पासून आहे. किमान २४० तास, त्यातले बरेचसे सिम्युलेटरवर, आणि पूर्ण शिक्षण एका एअरलाइनशी बांधलेलं. एअरलाइन भक्कम असेल तर उत्तम. ती डळमळली तर तुमचा अर्धवट कोर्स घेऊन दुसरीकडे जाणं कठीण.

मेंटेनन्समध्ये आधी बी-वन की बी-टू ते ठरवा. बी-वन म्हणजे सांगाडा, इंजिन, हायड्रॉलिक्स. हात काळे होतात. बी-टू म्हणजे एव्हिऑनिक्स, विमानातली इलेक्ट्रॉनिक यंत्रणा. मल्टिमीटर आणि संयम. युरोपच्या धर्तीवरच्या परीक्षेत पास व्हायला ७५ टक्के लागतात, त्यामुळे 'पस्तीस मिळाले की झालं' ही सवय विसरा. मान्यताप्राप्त संस्थेत शिकलात तर अनुभवाची अट बरीच कमी होते. इकाओच्या किमान अटीत चार वर्षांची दोन होतात. तेव्हा संस्थेची मान्यता म्हणजे तुमच्या आयुष्यातली वर्षं. ती माहितीपत्रकात शोधू नका, नियामकाच्या यादीत शोधा: भारतात डीजीसीए, अमेरिकेत एफएए, युरोपात इआसा. यादीत कोणत्या कोर्सला मान्यता आहे तेही वाचा. एकाच आवारात एक कोर्स मान्य आणि शेजारचा अमान्य असू शकतो.

नियंत्रकाचं प्रशिक्षण बहुतेक देशांत नोकरी देणारी संस्थाच देते. त्यामुळे बाहेरचं महागडं सर्टिफिकेट घेण्याआधी त्यांची भरतीची जाहिरात वाचा. इकाओच्या मोजपट्टीवरची इंग्रजी बोलण्याची चौथी पातळी मात्र वैमानिकाला आणि नियंत्रकाला दोघांनाही लागते.

यादी चार नावांवर आली की प्रत्यक्ष बघायला जा. फ्लाइंग स्कूलला सकाळी लवकर जा, हवा शांत असते, विमानं तेव्हा आकाशात असायला हवीत. त्या वेळी सगळी शेडमध्ये असतील तर कारण विचारा. पत्रकात किती विमानं आहेत ते सोडा. आज किती उडण्याजोगी आहेत, इन्स्ट्रक्टर किती, विद्यार्थी किती, आणि मागच्या बॅचला ठरल्यापेक्षा किती महिने जास्त लागले, हे विचारा. शेवटचा प्रश्न ऑफिसात नको, बाहेर बाकावर बसलेल्या विद्यार्थ्यांना विचारा. मेंटेनन्स कॉलेजात असाल तर शिकवायला ठेवलेलं इंजिन शेवटचं कधी सुरू केलं होतं ते विचारा.

पैसे टप्प्याटप्प्याने भरा, उडालेल्या तासांप्रमाणे. सगळी रक्कम आगाऊ मागणारी शाळा बंद पडली, तर विद्यार्थी येणेकरी म्हणून रांगेत शेवटी उभा राहतो. आणि किमान तासांवर अंदाजपत्रक मांडू नका. परीक्षेत नापास होणं, पावसाळी आठवडे, पुन्हा घ्यावी लागणारी उड्डाणं हे सगळं त्यावर चढतं. टाइप रेटिंगचा, म्हणजे एखाद्या ठरावीक जातीचं विमान उडवण्याच्या परवानगीचा, खर्च बहुधा वेगळाच.

भाचीला घेऊन मी एका शाळेत गेलो होतो. शेडबाहेर नऊ विमानं ओळीत, फोटोला झकास. मी सवयीने वाकून टायर बघितले. दोन विमानांचे टायर जमिनीला टेकतात तिथे चपटे झालेले, म्हणजे बरेच दिवस जागचे हललेले नाहीत. तिसऱ्याच्या इंजिनाच्या तोंडाशी टॉर्च मारला तर आत काड्यांचं घरटं. दाखवायला आलेला माणूस म्हणाला, "हे जरा मेंटेनन्सला आहे." भाचीने वहीतलं ते नाव तिथेच खोडलं.

आता तिच्या यादीत दोन नावं उरलीत. क्लास वनची तारीख पुढच्या गुरुवारची मिळालीय. प्रवेशाचा फॉर्म अजून कोराच आहे.