कॉलेजच्या लॅबमध्ये झेड-स्कॅन: बेंचची मांडणी आणि आकड्यांचा अर्थ

तीव्र प्रकाशामुळे नमुन्याचा अपवर्तनांक (प्रकाश किती वळतो ते सांगणारा आकडा) किती बदलतो ते मोजायचंय. त्यासाठी नमुना भिंगाच्या नाभीतून मागेपुढे सरकवायचा आणि लांबच्या छिद्रातून किती प्रकाश येतो ते टिपायचं, एवढीच झेड-स्कॅनची युक्ती. शेख-बहाए आणि सहकाऱ्यांनी ती १९८९-९० मध्ये मांडली. सांगली-साताऱ्याच्या कॉलेजांत पिकोसेकंद लेसर (अतिसूक्ष्म, तीव्र स्पंद देणारा) सहसा नसतो. ५३२ नॅनोमीटरचा साधा सलग हिरवा लेसर मात्र मिळतो. त्यावर प्रयोग उत्तम होतो, फक्त आपण काय मोजतोय ते आधीच पक्कं ठरवा.

नमुन्यावर ५ मिलिवॅट पुरेत. स्वस्त हिरव्या लेसरमधून ८०८ आणि १०६४ नॅनोमीटरचा अदृश्य प्रकाशही गळतो, म्हणून पुढे अवरक्त अडवणारा फिल्टर हवाच. किरणाची त्रिज्या ब्लेडने मोजा: ब्लेड आडवं सरकवताना प्रकाश ९० टक्क्यांवरून १० टक्क्यांवर यायला जे अंतर लागतं, ते त्रिज्येच्या १.२८ पट असतं. त्रिज्या अर्धा मिलिमीटर आणि भिंग ५ सेंटिमीटरचं असेल, तर नाभीत ती १७ मायक्रोमीटर होते आणि रॅले अंतर, म्हणजे किरण नाभीच्या आसपास बारीक राहतो ती लांबी, १.७ मिलिमीटर. नमुना त्याहून पातळ हवा, म्हणूनच क्युव्हेट (द्रावणाची चौकोनी काचेची डबी) १ मिलिमीटर जाडीचीच घ्या. नेहमीची १ सेंटिमीटरची घेतली तर खालचं सूत्र लागू पडत नाही.

नाभीपासून ६० सेंटिमीटरवर ४ मिलिमीटर व्यासाच्या छिद्राची पत्र्याची पट्टी लावा; कुपवाड एमआयडीसीतला कोणताही टर्नर पाडून देईल. यातून २० टक्के प्रकाश जातो. मागे छोटं भिंग, मग बीपीडब्ल्यू ३४ फोटोडायोड (प्रकाशाचं विजेत रूपांतर करणारा), ९ व्होल्ट उलट बायस आणि १ किलोओहम रोध.

सांगलीत हळद हाताशी, त्यामुळे तिचाच अर्क घ्यायचा मोह होतो. पण करक्युमिनचं शोषण ४२५ नॅनोमीटरच्या आसपास असतं, ५३२ ला फारच कमी. मायक्रोबायोलॉजी विभागातून क्रिस्टल व्हायोलेट हा जांभळा रंग आणा आणि इथेनॉलमध्ये विरघळवा. पाण्यात नको, तिथे तापल्याने होणारा परिणाम दहा-पंधरा पट कमी. द्रावण अगदी फिकं ठेवा: स्पेक्ट्रोफोटोमीटरवर १ सेंटिमीटर क्युव्हेटमध्ये ५३२ ला ॲब्सॉर्बन्स (शोषणाचं माप) ०.१३. गडद केलं की पडद्यावर एकात एक वर्तुळं दिसू लागतात. दिसायला सुंदर, पण कलाबदल (नमुन्यातून जाताना प्रकाशलहरींची मागेपुढे होणारी सरक) खालच्या सूत्राच्या पार बाहेर गेलेला असतो.

क्युव्हेट किंचित तिरकी ठेवा, परावर्तित किरण लेसरमध्ये परत जाऊ देऊ नका, ५३२ नॅनोमीटरचा लेसर-संरक्षक चष्मा घाला. नाभीच्या दोन्ही बाजूंना ९ मिलिमीटर स्कॅन करा; मधे ०.२ मिलिमीटरच्या पावलाने, टोकांना ०.५ च्या. दर पावलाला दोन-तीन सेकंद थांबा. पंखा बंद. एप्रिलच्या दुपारी लेसरची शक्ती भटकते आणि इथेनॉलही उडतं, म्हणून झाकण लावा आणि काचेच्या स्लाइडवरून थोडा प्रकाश दुसऱ्या फोटोडायोडकडे वळवून त्याने भागा. मग पट्टी काढून, सगळा प्रकाश गोळा करून तोच स्कॅन पुन्हा घ्या आणि पहिल्याला दुसऱ्याने भागा.

नमुना भिंगाकडून छिद्राकडे सरकताना आलेखात आधी शिखर, मग दरी आली तर अपवर्तनांक तापून घटतोय. उलट दिसलं तर आधी मोजपट्टीची दिशा तपासा. टोकांचं वाचन १ धरून शिखर-दरीतला फरक ०.३८४ ने भागला की कलाबदल मिळतो: फरक ०.२५ असेल तर ०.६५ रेडियन. ठिपका वरखाली असमान दिसला तर तापलेलं द्रव वर चढतंय. शक्ती कमी करा.

आता मुख्य गोष्ट. नाभीतली तीव्रता इथे चौरस सेंटिमीटरला जेमतेम एक किलोवॅट. इलेक्ट्रॉनिक परिणाम (तापण्यामुळे नव्हे, प्रकाशाने थेट इलेक्ट्रॉन हलवून होणारा) दिसायला गिगावॅटच्या घरातली लागते. हाती येतं ते उष्णतेचं भिंग. तरीही त्यावरून काढलेला अवाढव्य अपवर्तन गुणांक 'पदार्थाचा' म्हणून प्रकल्प अहवालात मिरवला जातो. तसं करू नका. शक्ती, द्रावक, शोषण आणि क्युव्हेटची जाडी सोबत लिहा, उष्णताजन्य म्हणा. शंका राहिली तर किरण चॉपरने (खाचांच्या फिरत्या चकतीने) तोडा आणि ऑसिलोस्कोपवर बघा: सिग्नल काही मिलिसेकंद घेत स्थिर होत असेल, तर ती उष्णताच.