बाहेर खायचंय, पण दाणे, काजू, तीळ, अंडं काहीच चालत नाही? इंदूरकरांसाठी थोडं अनुभवाचं

आमच्या मुलाला चार गोष्टी चालत नाहीत. शेंगदाणे, काजू-पिस्ता, तीळ आणि अंडं. आणि राहतो कुठे तर इंदुरात, जिथे कुठल्याही पदार्थावर शेवटी मूठभर काहीतरी भुरभुरवल्याशिवाय प्लेट हातात येतच नाही. पहिली दोन-तीन वर्षं आम्ही बाहेर खाणंच बंद केलं होतं, लग्नाला गेलो तरी डबा, मग लक्षात आलं की असं कायम नाही चालायचं, उद्या हा मित्रांबरोबर छप्पन दुकानला (इथली खाऊगल्ली) जाणारच, तेव्हा आपण नसू. तर चुका करकरून जे शिकलो ते लिहितेय. तुमच्याकडे दूध, गहू, सोया असं काही असेल तर नावं बदला, पद्धत तीच.

एक गोष्ट मात्र आधी. नक्की कशाची ॲलर्जी आहे हे ॲलर्जीच्या डॉक्टरांकडून पक्कं करून घ्या, अंदाजाने यादी वाढवू नका. आमच्या सासूबाई दाण्यांबरोबर बदामही बंद करून बसल्या होत्या, तपासणीत बदाम चालतो निघालं. दाणा हा खरं तर डाळीच्या कुळातला आहे, काजू-बदामाच्या नाही. उलट काजू आणि पिस्ता एकमेकांचे इतके जवळचे की एकाची असली तर दुसऱ्याची बहुतेक असतेच. आणि दूध न पचणं वेगळं, दुधाची ॲलर्जी वेगळी. पहिल्यात पोट बिघडतं, दुसऱ्यात चमचाभर सुद्धा महागात पडू शकतं, अगदी तुपातसुद्धा दुधाचं प्रोटीन थोडंफार राहिलेलं असतं.

आता मुख्य मुद्दा. आम्ही वर्षानुवर्षं चुकीचा प्रश्न विचारत होतो.

एका चांगल्या, एसीवाल्या रेस्टॉरंटमध्ये गेलो होतो, नाव नाही सांगत. पनीरची भाजी मागवली, काजू नको, दाणे नको, वेटरला दोनदा विचारलं, "इसमें मूंगफली है क्या?" "नहीं मैडम, बिल्कुल नहीं." तिसऱ्या घासाला पोरगा म्हणाला आई, जीभ खाजतेय. मग ओठ सुजायला लागले. पुढचं सगळं दवाखान्यात. नंतर ह्यांनी परत जाऊन विचारलं तेव्हा आतून महाराज, म्हंजे आचारी, आले आणि अगदी सहज म्हणाले की मूंगफली नहीं डालते, पर ग्रेवी की पेस्ट में थोड़ा दाना पिसता है, सिर्फ मगज-काजू से महंगा पड़ता है. (मगज म्हंजे कलिंगड-खरबुजाच्या सोललेल्या बिया.) वेटर खोटं बोलला नव्हता हो. त्याच्या डोक्यात मूंगफली म्हंजे प्लेटमध्ये दिसणारा अख्खा दाणा. वाटलेला दाणा ही त्याच्यासाठी ग्रेव्ही होती.

तेव्हापासून "आहे का" विचारायचं बंद. आता विचारतो, हे बनतं कसं? कशात तळता, त्याच कढईत अजून काय तळलं जातं? ग्रेव्हीची पेस्ट कशाची? वरून काय घालता? हो-नाही मध्ये उत्तर देताच येणार नाही असा प्रश्न विचारला की वेटर बहुतेक वेळा आत जाऊन विचारून येतो, आणि तेच तर पाहिजे असतं. "पूछ के आता हूँ" म्हणणारा वेटर सगळ्यात चांगला. न विचारता तीन सेकंदात "नहीं है" म्हणणारा असेल तर मी सरळ फक्त रोटी आणि दाल तडका मागवते, बाकी काही नाही.

शब्दांचीही भानगड आहे. आपण घरी "दाणे" म्हणतो आणि इकडे दुकानात "दाना" म्हटलं की समोरचा साबुदाणा समजेल नाहीतर अनारदाना. मूंगफली म्हणा, सींगदाना पण म्हणा, दोन्ही. तिळाला "तिल" पेक्षा "तिल्ली" म्हटलं की पटकन कळतं. आणि "ड्राय फ्रूट नहीं चाहिए" हे तर अजिबात पुरेसं नाही, कारण मूंगफलीला कोणी ड्राय फ्रूट समजत नाही. पिस्त्याचं अजून एक. मिठाईवर जी हिरवी कतरण असते ती कधीकधी रंगवलेल्या दाण्याची निघते, ही भेसळ कितीदा पकडली गेलीय. म्हणून हिरवी कतरण दिसली की आम्ही ती मिठाई घेतच नाही, मग ती कितीही नावाजलेल्या दुकानातली असो.

मेनू कसा वाचायचा तर नावावरून नाही, ग्रेव्हीवरून. बहुतेक हॉटेलांत दोन-तीन ग्रेव्ह्या आधीच करून ठेवलेल्या असतात आणि पन्नास भाज्या त्यातूनच निघतात. पांढरी ग्रेव्ही म्हंजे काजू-मगज. मखनीत टोमॅटोबरोबर काजू असतोच. शाही, कोरमा, मलाई कोफ्ता, नवरत्न यांच्या वाटेलाच जाऊ नका. कांदा-टोमॅटोवाली साधी ग्रेव्ही विचारून घेता येते. त्यातल्या त्यात बिनधास्त म्हंजे दाल तडका, जीरा राइस, तंदुरी रोटी, सुकी भेंडी किंवा आलू-जीरा तव्यावर वेगळा करून. गव्हाची ॲलर्जी असेल तर मात्र दाल तडक्यातही गाडी अडते, कारण बाजारातल्या बांधणीच्या हिंगात बरेचदा मैदा किंवा गव्हाचं पीठ असतं. तिळासाठी बर्गरचा पाव, चायनीजवर शेवटी टाकतात ते तेल आणि हिवाळ्यातली गजक. दाण्यासाठी इडली-डोशाची चटणी, नारळाची म्हणून देतात आणि अर्धा दाणा असतो.

अंड्याच्या बाबतीत आपल्याकडे मात्र मजा आहे. भारतात अंडं मांसाहारात धरतात, त्यामुळे पाकिटावर हिरवा ठिपका असेल तर त्यात अंडं घातलेलं नसतं, आणि इंदुरात शुद्ध शाकाहारी हॉटेलं पावलोपावली. तिथे एक काळजी आपोआप कमी होते. फक्त बेकरीत सांभाळा, एगलेस केक आणि अंड्याचा केक एकाच सुरीने कापतात. दुधाची ॲलर्जी असलेल्यांनी मात्र हिरव्या ठिपक्यावर अजिबात जाऊ नका, दूध त्यात बसतंच.

कायद्याचं थोडक्यात सांगते. एफएसएसएआयच्या (अन्नसुरक्षेची केंद्र सरकारची संस्था) लेबलच्या 2020 च्या नियमांत पाकिटावर ॲलर्जीचे पदार्थ लिहावे लागतात, ग्लुटेनवाली धान्यं, दूध, अंडं, मासे, कोळंबी-खेकडे, दाणे आणि काजू-बदाम वगैरे, सोया, आणि ठराविक प्रमाणावर सल्फाइट. 10 किंवा जास्त ठिकाणी शाखा असलेल्या हॉटेलांनी मेनूत ही माहिती द्यायची आहे, म्हणून मॉलमधल्या मोठ्या साखळ्यांमध्ये हक्काने चार्ट मागा. पण या यादीत तीळ नाही! मोहरी पण नाही. अमेरिकेत 2023 पासून तीळ सक्तीच्या यादीत आलाय, आपल्याकडे विचारूनच घ्यावं लागतं. आणि कोपऱ्यावरच्या एकट्या हॉटेलाला तर हा मेनूचा नियम लागूच नाही.

वेळ. दुपारी तीन ते पाचमध्ये फोन करा, तेव्हा महाराज मोकळे असतात. रविवारी रात्री साडेनऊला जाऊन अर्धा तास लाइनमध्ये थांबून मग ॲलर्जी समजावून सांगायची म्हंजे स्वतःच्या पायावर धोंडा. आम्ही संध्याकाळी सातला पोचतो, बुधवार-गुरुवार. आणि नवीन नवीन जागा शोधायची हौस सोडून दिली. सुदामानगरच्या बाजूला एक आणि पलासियाकडे एक, अशा दोनच जागा, तिथले महाराज आता ओळखतात. कंटाळवाणं आहे खरं. पण महाराज बदलले की परत पहिल्यापासून सगळं विचारायचं, हे विसरू नका, एकदा विसरलो होतो.

आता सराफा. दिवसा सोन्या-चांदीची दुकानं, रात्री ती बंद झाली की खाण्याचे ठेले, आणि पाहुणे आले की त्यांना न्यावंच लागतं. एकदा भुट्टे का कीस घ्यायचं ठरलं, त्यात मका, दूध, मसाला, म्हंजे आमच्या यादीतलं काहीच नाही. पैसे द्यायच्या आधी मी नुसती उभी राहिले पाच मिनिटं आणि बघत राहिले. शेजारच्याच पातेल्यात साबुदाण्याची खिचडी, दाण्याच्या कुटाने भरलेली, वाफ निघतेय. माणसाने खिचडी वाढली, तोच पळा कढईच्या काठावर टकटक आपटला, आणि तसाच कीसमध्ये घातला. बस. कीसमध्ये दाणा नव्हता, पळ्याला होता. तर ठेल्याचा आमचा नियम असा, की जो एकच वस्तू बनवतो त्याच्याकडेच खायचं. थंडीत फक्त गराडू (एक कंद) तळणारा असतो, त्याच्या कढईत दुसरं काही जात नाही. जिलबीवाला, नुसती जिलबी, रबडी नको कारण तिच्यावर कतरण. खोपरा पॅटीसमध्ये काजूचे तुकडे घालणारे आहेत, शिकंजी तर इंदुरी म्हंजे दूध आणि सुकामेव्याचीच, लिंबाची समजून बाहेरचे पाहुणे फसतात. सकाळचे पोहे मात्र जमतात. दाणे न घालणारा पोहेवाला शोधा, वाफेवरच्या पातेल्यातून पोहे घ्या, सेव टाकू देऊ नका (ज्या कढईत सेव तळली तिच्यातच नमकीनचे दाणे तळलेले असतात), जीरावन मसाला, कांदा, लिंबू एवढंच. सेवेशिवाय पोहे खाताना बघून बाजूचा काका हळहळतो, ते सहन करा.

"तळलं की ॲलर्जी मरते" असं मला दोन शिकलेल्या माणसांनी सांगितलंय. नाही मरत. भाजून, तळून दाण्याची ॲलर्जी जात नाही.

एक गंमत. आमच्या एका मावशींनी सुचवलं की ॲलर्जी कोणाला कळत नाही, त्यापेक्षा उपवास आहे सांगत जा, धर्माचं म्हटलं की लोक ऐकतात. अहो मावशी, उपवासाचं म्हंजे सगळं दाण्याचंच की! पण त्यांच्या म्हणण्यात थोडं तथ्य आहे. "जैन" म्हटलं की इंदुरात वेटर पुढे एक शब्द विचारत नाही, कारण त्याला नियम माहीत आहे. ॲलर्जीचा नियम त्याला माहीत नाही, त्याला वाटतं पोरगं नखरे करतंय किंवा थोडी खाज येत असेल. म्हणून परिणाम सांगायचा. आम्ही पोस्टकार्डाएवढा कागद हिंदीत छापून लॅमिनेट करून घेतलाय, वर मोठ्या अक्षरात "मूंगफली, काजू, पिस्ता, तिल्ली, अंडा: थोड़ा सा भी पेट में गया तो साँस बंद हो सकती है", खाली "साफ कढ़ाई, साफ चम्मच, ग्रेवी में पेस्ट नहीं". हे कार्ड वेटरकडे नाही, महाराजांपर्यंत गेलं पाहिजे. सोबत तीन कॉप्या ठेवा, एक नेहमी आतच राहते.

औषधाशिवाय बाहेर पडायचं नाही, इथे चालढकल नको. आमच्या डॉक्टरांनी ॲड्रिनलिनचं इंजेक्शन दिलंय आणि आम्हाला दोघांना कसं द्यायचं ते शिकवलंय, डोस त्यांनीच कागदावर लिहून दिलाय, तुमचा डोस तुमच्या डॉक्टरांकडूनच लिहून घ्या. मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत. ॲलर्जीच्या गोळीने खाज कमी होते, बंद होणारा श्वास उघडत नाही, आणि गोळी देऊन "बघू जरा वेळ" म्हणत बसण्यातच वेळ जातो. घसा दाटणं, आवाज बसणं, धाप, उलट्या, चक्कर, असं दिसलं की आधी इंजेक्शन, मग 108. आडवं झोपवा, पाय वर, श्वास लागत असेल तर बसवा, पण उभं करून चालवत गाडीपर्यंत नेऊ नका. बरं वाटलं तरी दवाखान्यात जायचंच, काही तासांनी परत उलटू शकतं. आणि मे महिन्यात ते इंजेक्शन गाडीत ठेवून खरेदीला जाऊ नका, उन्हाने खराब होतं.

लग्नाच्या बुफेत आम्ही जेवत नाही. तिथे प्रत्येक पळा प्रत्येक भांड्यात फिरतो. घरून जेवून जायचं, आणि आग्रह करणाऱ्या काकूंना हसून "नको" म्हणायचं, चौथ्यांदा सुद्धा. घरपोच मागवताना ॲपमधल्या सूचनेच्या चौकोनात लिहिलेलं कोणी वाचतं असं धरूनच चालू नका, हॉटेलला फोन करा.

आता पोरगा तेरा वर्षांचा आहे, विचारायचं काम त्याचं, मी शेजारी गप्प उभी. परवा छप्पनवर डोसेवाल्याला त्याने अगदी झक्क विचारलं, भिया तवा अलग है क्या, तेल कौन सा, बटर में कुछ मिला तो नहीं. सगळं विचारून झालं, प्लेट आली, आणि पहिला तुकडा चटणीत बुडवायला निघाला. चटणीचं विचारायचंच राहिलं होतं. मी फक्त वाटी सरकवली बाजूला.