मधुमेह आणि स्तनातली गाठ: सोनोग्राफीच्या खोलीत नव्याने येणाऱ्यांसाठी

बेळगावात रेडिओलॉजी शिकायला आलेल्या नव्या निवासी डॉक्टरांना मी पहिल्या आठवड्यातच सांगते, स्तनावर प्रोब ठेवण्याआधी शुगरची चौकशी करा. चिठ्ठीवर बहुतेक वेळा 'स्तनात गाठ' एवढंच लिहिलेलं असतं. खानापूर, निपाणी, चिकोडीकडून आलेली बाई आपणहून शुगरचं काढत नाही, कारण गाठीशी तिचा काही संबंध असेल असं तिला वाटतच नाही. मराठीत विचारा, कन्नडमध्ये विचारा, पण किती वर्षं आहे आणि इन्शुलिन चालू आहे का, हे विचाराच.

खानापूरकडच्या एक ताई आठवतात. वय तिशीतलं, शाळेत असल्यापासून इन्शुलिनवर. गाठ दगडासारखी टणक, पण न दुखणारी, बोटाखाली सरकणारी. मॅमोग्राफीत स्तन नुसता दाट पांढरा, गाठीची कड दिसेना, कॅल्शियमचे बारीक कणही नाहीत. सोनोग्राफीत मात्र वेड्यावाकड्या कडांची काळपट गाठ आणि तिच्यामागे स्क्रीनच्या तळापर्यंत काळीकुट्ट सावली. रक्तप्रवाह दाखवणारा डॉप्लर लावला तर रक्तप्रवाह जवळपास नाहीच.

"कॅन्सर हाय काय हो, मॅडम?"

"ताई, तुकडा तपासल्याशिवाय मी काहीच म्हणणार नाही."

तुम्हीही तेच म्हणा. हे चित्र डायबेटिक मास्टोपॅथीचं असू शकतं. 1984 मध्ये पहिल्यांदा वर्णन झालेला हा साधा, कर्करोग नसलेला आजार मुख्यतः दीर्घकाळ टाइप 1 मधुमेह असलेल्या, पाळी चालू असलेल्या स्त्रियांत दिसतो. त्यांच्यात बऱ्याचदा डोळ्यांच्या पडद्याचा किंवा किडनीचा त्रासही सापडतो. गाठी एकाहून जास्त, दोन्ही बाजूंनाही असतात. पण कर्करोगही अगदी असाच दिसू शकतो, आणि एमआरआयनेही हा गुंता नेहमी सुटत नाही. म्हणून शुगरचा इतिहास मिळाला की बायोप्सी टाळायची, असा अर्थ कुणी काढू नये. मी अशा गाठीला बायरॅड्स 4 देते, म्हणजे रिपोर्टमधली 'संशयास्पद, बायोप्सी करा' ही श्रेणी.

एफएनएसीवर, म्हणजे बारीक सुईने पेशी ओढून करायच्या तपासणीवर, भिस्त ठेवू नका. तंतूंनी घट्ट झालेल्या गाठीतून पेशी फारशा येतच नाहीत. 14 गेजच्या जाड सुईने कोअर बायोप्सी करा, म्हणजे गाठीचा तुकडाच काढा. सुई आत जाताना हाताला चिवट अडथळा जाणवतो, तेव्हा जोर लावण्याच्या नादात सुईची दिशा बदलू देऊ नका. नमुन्याच्या फॉर्मवर मधुमेहाची वर्षं आणि इन्शुलिन ठळक लिहा. केलॉइडसारखे (फुगलेल्या जखमेच्या वणातल्यासारखे) जाड तंतू आणि दुग्धनलिका, लोब्यूल (दूधग्रंथींचे घोस) व बारीक रक्तवाहिन्यांभोवती लिम्फोसाइट या पांढऱ्या रक्तपेशी दिसल्या की पॅथॉलॉजिस्टला त्या माहितीची फार मदत होते.

निकाल डायबेटिक मास्टोपॅथीचाच आला आणि चित्राशी जुळला, तर गाठ काढायची गरज नसते. काढली तरी पुन्हा येऊ शकते, आणि जखम भरायला शुगर आडवी येते. निकाल जुळला नाही, तर पुन्हा बायोप्सी. नवी गाठ आली, तर तपासणीही नव्याने.

लाल, गरम, दुखणारी गाठ हे वेगळं प्रकरण. मधुमेहात गळू होतं, तिथे सोनोग्राफीखाली पू काढून कल्चरला (कोणते जंतू आहेत ते पाहायला) पाठवा.

रिपोर्ट, फिल्म आणि बायोप्सीचा कागद एकाच फाईलमध्ये देऊन बाईला सांगा, कुठेही गेलात तरी ही फाईल घेऊन जा. आमच्या भागातल्या बायका आज बेळगावला, उद्या कोल्हापूरला नाहीतर मिरजेला दाखवतात, आणि जुनी कागदपत्रं नसली की त्याच गाठीत पुन्हा सुई जाते.