ऑइल सेपरेटर बदलायला निघालात? आधी या चुका टाळा

सांडपाण्याच्या रिपोर्टमध्ये 'ऑइल अँड ग्रीस'चा आकडा वर गेला की कारखान्यात सगळ्यांचं बोट सेपरेटरकडे, म्हणजे पाण्यावर तरंगणारं तेल वेगळं करणाऱ्या टाकीकडे, जातं. टाकी लहान पडतेय, प्लेटा वाढवा, नवीन युनिटचं कोटेशन मागवा. भोसरी, चाकण, वाळूज, अंबड, कुठल्याही एमआयडीसीतल्या मशीन शॉपमध्ये हेच संभाषण ऐकू येतं. माझा अनुभव असा की बहुतेक ठिकाणी टाकी ठीक असते. पाणी तिच्यापर्यंत पोचायच्या आधीच शॉपफ्लोअरवर कुणीतरी ते बिघडवून ठेवलेलं असतं, आणि तिथे लक्ष न देता लाखो रुपयांची नवी टाकी बसवली तरी पुढचा रिपोर्ट तसाच येतो.

म्हणून कोटेशन मागवण्याआधी एक पारदर्शक काचेची बाटली घ्या. सेपरेटरच्या इनलेटचं पाणी तिच्यात भरा आणि तासभर हलवू नका. वर तेलाचा थर आला आणि खाली पाणी बऱ्यापैकी स्वच्छ झालं, तर तुमच्याकडे मोकळं तेल आहे आणि सेपरेटरने ते काढायलाच हवं. काढत नसेल तर दोष टाकीत किंवा देखभालीत शोधा. तासाभरानंतरही बाटली दुधाळच राहिली, तर तेल पाण्यात मिसळून गेलंय, म्हणजे इमल्शन झालंय. गुरुत्वावर चालणारा कुठलाही सेपरेटर ते वेगळं करू शकणार नाही.

यामागचं गणित प्रत्येक ईटीपी (सांडपाणी प्रक्रिया केंद्र) ऑपरेटरला माहीत असायला हवं. तेलाचा थेंब पाण्यात किती वेगाने वर येतो ते त्याच्या व्यासाच्या वर्गावर ठरतं. 0.85 घनतेच्या तेलाचा 150 मायक्रॉनचा थेंब साध्या पाण्यात एक मीटर वर यायला साधारण नऊ मिनिटं घेतो. थेंब दहापट बारीक, म्हणजे 15 मायक्रॉनचा झाला, की वेग शंभरपट कमी होतो आणि त्याच एका मीटरला पंधरा तास लागतात. साधा, प्लेटा नसलेला एपीआय (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) पद्धतीचा सेपरेटर 150 मायक्रॉन आणि त्याहून मोठ्या थेंबांसाठीच आखलेला असतो. तिरप्या प्लेटांचा असेल तर साधारण 60 मायक्रॉनपर्यंत उतरतो. त्याखालचं तेल आउटलेटमधून निघून जाणारच.

थेंब बारीक कोण करतं?

पहिला गुन्हेगार पंप. सम्पमधलं (पाणी गोळा होणाऱ्या खड्ड्यातलं) तेलकट पाणी सेपरेटरमध्ये चढवायला बहुतेक ठिकाणी हाताशी असलेला सेंट्रिफ्यूगल पंप लावलेला असतो. 2,900 आरपीएमने फिरणारा इम्पेलर मोठे थेंब अक्षरशः चिरडतो. जमत असेल तर पाणी उतारानेच टाकीत येऊ द्या. पंप लागणारच असेल तर हवेवर चालणारा डायफ्रॅम पंप किंवा कमी वेगाचा स्क्रू पंप घ्या, आणि मोठ्या पंपाचा व्हॉल्व्ह अर्धा आवळून प्रवाह कमी करायच्या भानगडीत पडू नका. अर्धवट उघड्या व्हॉल्व्हमध्येही थेंब तसेच फुटतात. पंप बदलल्यावर बाटलीची चाचणी पुन्हा करा, फरक डोळ्यांना दिसेल.

दुसरा, साबण. फ्लोअर धुताना, गॅरेजच्या वॉशिंग रॅम्पवर, पार्ट धुताना जे डिग्रीझर वापरतात त्याचं कामच तेल पाण्यात मिसळवणं हे आहे. ते पाणी सेपरेटरमध्ये सोडायचं आणि तेल वेगळं व्हावं अशी अपेक्षा करायची, हे जमणारं नाही. सांडलेलं तेल आधी कोरडं उचला. शोषक पॅड किंवा कॉटन वेस्टने पुसून घ्या आणि मग अगदी कमी पाण्याने धुवा. भुसा टाकत असाल तर तो खोऱ्याने भरून वेगळ्या ड्रममध्ये गेला पाहिजे. पाण्याने गटारात ढकलला की तो प्लेटांच्या फटीत जाऊन बसतो आणि महिनाभरात प्लेट पॅक, म्हणजे प्लेटांचा गठ्ठा, चोंदतो.

तिसरा प्रकार पावडर कोटिंगवाल्यांकडे हमखास सापडतो. सेव्हन टँक लाइनमधली, म्हणजे कोटिंगआधी पार्ट धुण्याच्या सात टाक्यांच्या रांगेतली, डिग्रीझिंगची (तेल काढायची) टाकी खराब झाली की शनिवारी शिफ्ट संपताना ती सरळ ड्रेनमध्ये मोकळी करतात. ते अल्कधर्मी, साबणयुक्त, गरम पाणी एका तासात सेपरेटरमध्ये येतं आणि तिथे वर साठलेला तेलाचा थरसुद्धा पुन्हा पाण्यात कालवून टाकतं. सोमवारी ऑपरेटर बघतो तर टाकीभर करडं दूध. या टाकीतलं पाणी वेगळ्या होल्डिंग टँकमध्ये घ्या आणि तिथून थोडं थोडं पाणी रासायनिक प्रक्रियेला सोडा. लाइनचा सुपरवायझर आणि ईटीपीचा माणूस यांच्यात फोन करून विचारायची पद्धत पाडलीत तर यातले अर्धे प्रश्न तिथेच सुटतील.

कूलंट सेपरेटरमध्ये सोडू नका

पाण्यात विरघळणारं कूलंट (मशीनवर धातू कापताना सोडतात तो थंडाव्याचा द्रव) हे मुद्दाम बनवलेलं इमल्शन असतं. त्यातलं तेल सहज सुटू नये याची काळजी बनवणाऱ्याने घेतलेली असते. जुनं कूलंट वेगळ्या टाकीत साठवा आणि त्यावर बॅचने प्रक्रिया करा: सल्फ्युरिक ॲसिडने पीएच 3 च्या आसपास आणायचा, तेल वर येऊ द्यायचं, ते काढून घ्यायचं, मग तुरटी किंवा पॅक (पॉलीॲल्युमिनियम क्लोराइड), चुन्याने पीएच परत 7 ते 8, शेवटी पॉली (पॉलीइलेक्ट्रोलाइट). डोस किती, हे जार टेस्ट (भांड्यांत वेगवेगळे डोस टाकून बघणं) केल्याशिवाय ठरवू नका. पाणी गढूळ दिसलं की पॉलीचा डोस वाढवायचा ही सवय फार महागात पडते. डोस गरजेपेक्षा जास्त झाला की थेंबांवरचा विद्युतभार उलटा होतो आणि ते पुन्हा एकमेकांपासून दूर राहतात. अशा वेळी डोस कमी करून जार टेस्ट पुन्हा लावा.

सडलेल्या, वास मारणाऱ्या कूलंटमध्ये ॲसिड ओतलं की हायड्रोजन सल्फाइड वायू सुटतो. बंद शेडमध्ये हे काम करू नका. कूलंट पूर्ण सिंथेटिक असेल तर त्यात खनिज तेल नसतंच, त्यामुळे ॲसिडने काही सुटणार नाही, पण सीओडी (पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचं माप) भरपूर राहील. त्याची वाट वेगळी ठरवावी लागते.

कूलंट लवकर सडू नये यासाठी मशीनच्या टाकीवर तरंगणारं हायड्रॉलिक आणि स्लाइडवेचं तेल बेल्ट स्किमरने (तेल ओढून घेणाऱ्या फिरत्या पट्ट्याने) रोज काढा. रिफ्रॅक्टोमीटरने कूलंटचं प्रमाण बघत राहा. जे कूलंट चार महिने जास्त टिकतं ते चार महिने ईटीपीला येत नाही.

कॉम्प्रेसरचं ऑटो ड्रेनही (साठलेलं पाणी आपोआप सोडणारा व्हॉल्व्ह) बघून घ्या. त्यातून येणारं दुधाळ पाणी कित्येक ठिकाणी सरळ पावसाच्या गटारात सोडलेलं असतं, आणि भोसरीच्या गटारातलं पाणी शेवटी पवनेला नाहीतर इंद्रायणीला मिळतं.

पावसाळ्यात रिपोर्ट हमखास बिघडतो, तो का

छपराचा पाइप तेलकट ड्रेनला जोडलेला असतो म्हणून. 1,000 चौरस मीटरच्या शेडवर तासाला 50 मिलिमीटर पाऊस झाला तर तासाला 50,000 लिटर पाणी खाली येतं. सेपरेटर तासाला 5,000 लिटरचा असेल तर साठलेलं तेल आणि तळाचा गाळ दोन्ही वाहून जाणार. मे महिन्यात सगळे पाइप एकदा पायी फिरून तपासा. छताचं पाणी स्वतंत्र काढा, ड्रम ठेवायच्या जागेवर पत्रा टाका आणि भोवती कट्टा बांधा.

साफसफाईत होणाऱ्या चुका

टाकी भरलेली आहे की नाही हे वरून बघून कळत नाही. वर काळा तवंग दिसतो, पण तो बोटभर जाड आहे की हातभर, ते डिप रॉडच सांगतो. पेट्रोल पंपावर टाकीतलं पाणी मोजायला वापरतात ती वॉटर फाइंडिंग पेस्ट आणा. रॉड तळाला टेकल्यावर तेल आणि पाण्याची हद्द जिथे येईल त्या भागाला ती पातळ चोपडून रॉड सरळ तळापर्यंत सोडा, थोडा वेळ धरा आणि बाहेर काढा. जिथपर्यंत पाणी होतं तिथपर्यंत पेस्टचा रंग बदललेला दिसेल, त्याच्या वरचा काळा ओला भाग म्हणजे तेल. तळाशी रॉड अडखळतो तिथे गाळ सुरू होतो. तेल आणि गाळ मिळून पाण्याच्या खोलीच्या पाव भागाइतके झाले, की टाकी रिकामी करायची वेळ आली. 1.2 मीटर खोली असेल तर दोन्ही मिळून 30 सेंटिमीटर. बनवणाऱ्याने याहून कमी मर्यादा दिली असेल तर ती पाळा. दर आठवड्याला रॉड टाका आणि आकडा तारखेसकट वहीत लिहा. तीन-चार महिन्यांच्या नोंदी झाल्या की तुमच्या टाकीचा वेग तुम्हालाच कळेल.

साफ केल्यावरची एक चूक फार नुकसान करते आणि ती जवळजवळ सगळीकडे होते. टँकर येतो, टाकी पूर्ण उपसतो, झाकण लागतं आणि इनलेट उघडतात. आता टाकी रिकामी आहे. आउटलेटच्या बॅफलची (तेल अडवणाऱ्या आडभिंतीची) खालची कड हवेत आहे, कारण तेल अडवायला तिथे पाणीच नाही. पहिलं तेलकट पाणी येतं, तेल वर तरंगत चढत जातं, त्यातलं बरंचसं बॅफलच्या पलीकडच्या बाजूला अडकतं आणि तिथून सरळ बाहेर पडतं. म्हणून साफ केल्यावर टाकीत स्वच्छ पाणी भरा, आउटलेटमधून पाणी वाहू लागेपर्यंत, आणि मगच इनलेट उघडा. त्या दिवशी ईटीपीला एक टँकर साधं पाणी लागेल, याची सोय आधीच करून ठेवा.

प्लेट पॅक जागेवरच प्रेशर वॉशरने धुऊ नका. सुटलेला गाळ आउटलेटमध्ये जातो. पॅक बाहेर उचला, कठडा असलेल्या फरशीवर धुवा आणि ते पाणी परत इनलेटला सोडा. स्किमरचा बेल्ट पुसणारी पट्टी झिजली की बेल्ट तेल परत टाकीत नेतो. ही पट्टी स्वस्तात मिळते, एक जास्तीची ठेवा.

आता सगळ्यात गंभीर गोष्ट. गाळ काढायला माणूस आत उतरवू नका. तळाच्या गाळात हवा नसते, तिथे हायड्रोजन सल्फाइड साठतो. तो हवेपेक्षा जड असल्याने खालीच राहतो, आणि प्रमाण वाढलं की नाक बधिर करतो, त्यामुळे 'आता वास गेला, उतर' हे वाक्य एखाद्याचा जीव घेऊ शकतं. त्यावर तेलाची वाफ असतेच. गाळ बाहेरूनच व्हॅक्यूम टँकरने ओढा. उतरणं खरोखर टाळता येत नसेल तर आत घातक वायू नसल्याचं सक्षम व्यक्तीचं लेखी प्रमाणपत्र किंवा श्वसनयंत्र, पट्टा आणि दोर हवा, आणि दोराचं दुसरं टोक बाहेर उभ्या असलेल्या माणसाच्या हातात हवं; 2025 पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम 1948 च्या कलम 36 मध्येही हेच होतं. मी तर म्हणेन, गॅस मीटरचं वाचन असलं तरी श्वसनयंत्र घालूनच उतरावं. आत नेलेला दिवा 24 व्होल्टच्या वर चालत नाही. एखादा आत कोसळला तर दुसऱ्याने त्याच्यामागे उडी मारायची नाही. हे कंत्राटी कामगारांनाही त्यांच्या भाषेत सांगून ठेवा.

काढलेलं तेल भंगारवाल्याला देऊन मोकळं होता येत नाही. 2016 च्या घातक कचरा नियमांत सेपरेटरवरचं तेल 35.4 या क्रमांकाखाली आणि रासायनिक गाळ 35.3 खाली येतो. ड्रमवर लेबल लावा, साधारणपणे 90 दिवसांच्या आत अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे किंवा विल्हेवाट केंद्राकडे पाठवा, आणि फॉर्म 10 चं मॅनिफेस्ट (कचऱ्याच्या वाहतुकीची नोंद) जपून ठेवा. चांगल्या हायड्रॉलिक तेलात थिनर किंवा कूलंट मिसळू देऊ नका, त्याला घेणारा मिळत नाही.

नमुनाच चुकीचा असेल तर

कित्येक ठिकाणी आउटलेटचं पाणी प्लास्टिकच्या पाण्याच्या बाटलीत भरून प्रयोगशाळेत जातं. तेल प्लास्टिकच्या आतल्या बाजूला चिकटून राहतं, आकडा कमी येतो आणि सगळे खूश होतात. पुढच्या महिन्यात प्रदूषण नियंत्रण मंडळाचा माणूस काचेच्या बाटलीत नमुना घेतो तेव्हा खरं काय ते कळतं. रुंद तोंडाची काचेची बाटली वापरा. ती नमुन्याच्याच पाण्याने विसळू नका आणि काठोकाठ भरू नका. ॲसिडने पीएच 2 च्या खाली आणा आणि बर्फात पाठवा. प्रयोगशाळेने बाटलीतलं सगळं पाणी वापरायचं असतं, त्यातलं थोडं ओतून घेऊन चालत नाही, हे त्यांना बाटली देतानाच सांगा. वरचा तवंग पळीने काढून भरलेला नमुना किंवा तळाशी बुडवून घेतलेला नमुना, दोन्ही चुकीचे. पाणी जिथे पडतं, ढवळलेलं असतं, त्या धारेखाली बाटली धरा.

आउटलेटचा नमुना घ्याल तेव्हा त्याच दिवशी इनलेटचाही घ्या. इनलेटला लिटरमागे 400 आणि आउटलेटला 40 मिलिग्रॅम आलं तर टाकी तिचं काम करतेय आणि उरलेलं बारीक तेल पुढे डीएएफ (हवेच्या बारीक बुडबुड्यांनी तेल वर आणणारं यंत्र) किंवा रासायनिक प्रक्रियेने काढावं लागेल. इनलेटला 60 आणि आउटलेटला 55 आलं, तर टाकीत येण्याआधीच ते तेल मिसळून गेलंय, आणि तुम्हाला पंपापासून मागे, एकेका मशीनपर्यंत चालत जावं लागेल.