केळं आणि काकडी: लहान मुलांना सारखं-वेगळं सांगायला कसं शिकवायचं

माझी नात चार वर्षांची आहे, इथे इंदूरला रामबागेत आमच्याजवळच असते. एकदा तिला विचारलं, केळं आणि सायकल यात काय फरक गं? ती नुसती बघत राहिली. मग केळं आणि काकडी समोर ठेवून तोच प्रश्न विचारला तर थांबेचना, हे पिवळं ते हिरवं, हे वाकडं, ह्याचं साल हाताने निघतं त्याला सोलाणं लागतं, आणि काकडी खाताना वाजते पण केळं वाजत नाही. तेव्हापासून मी सगळ्यांना हेच सांगते, फरक शिकवायचा असेल तर आधी एकमेकांशी मिळत्याजुळत्या वस्तू घ्या. बरंच काही जुळत असलं की जे जुळत नाही ते लगेच दिसतं, केळं आणि सायकलमध्ये काहीच जुळत नाही तर मूल सुरुवात तरी कुठून करणार? लिंबू-मोसंबी, मेथी-कोथिंबीर, वाटी-पेला, चप्पल-बूट, घरातच भरपूर जोड्या सापडतात.

वस्तू शक्यतो खऱ्या घ्या आणि दोन्ही एकाच वेळी समोर ठेवा. एकदा एका शाळेची वर्कशीट घरी आली, त्यात उंदीर आणि हत्ती अगदी एकाच साईजचे छापलेले, आणि मोठा कोण त्याला गोल करा. नात म्हणाली दोघं सारखेच आहेत. कागदावर तिचं बरोबरच होतं ना! हातात वस्तू असली की वजन कळतं, वास कळतो, खरखरीत-गुळगुळीत कळतं, चित्रात यातलं काही नाही.

दुसरं म्हणजे "काय फरक आहे" हा प्रश्न फार मोठा आहे, त्याचे तुकडे करा. आधी फक्त रंग, तो झाला की जड कोणतं, मग वास. मेथी-कोथिंबिरीची जुडी आणली की मी नातीला डोळे मिटायला लावते आणि एकेक काडी नाकाशी धरते, पाने दिसायला हिरवीच पण वासात ती कधी चुकत नाही.

फरक मुलं पटापट सांगतात, सारखेपणावर मात्र अडतात, निदान आमच्याकडे तरी असंच झालं. तेव्हा घाई करू नका, मनातल्या मनात दहापर्यंत मोजा, आणि तरी काही आलं नाही तर अर्धं वाक्य आपण बोलून सोडून द्या, "दोन्ही गोल आहेत, आणि दोन्ही..." पुढचं ते बोलतं. एकदा नात म्हणाली, "दोन्हीच्या बिया आई काढून टाकते." मला हे सुचलं नसतं.

आता भाषेबद्दल, कारण इंदूरच्या मराठी घरांत हे खरंच सांभाळावं लागतं. मराठीत "मोठा" हा शब्द तुलना करताना बदलत नाही, सगळं काम "पेक्षा" करतो. आपली मुलं दिवसभर बाहेर हिंदी बोलतात, मग घरी येऊन "लिंबूसे मोठी" असं काहीतरी म्हणतात. रागवायचं नाही, "चूक" पण म्हणायचं नाही, आपण फक्त हो म्हणून पूर्ण वाक्य परत बोलायचं, "हो, लिंबापेक्षा मोसंबी मोठी." तसंच "लिंबू आंबट आहे पण मोसंबी गोड", म्हणजे "पण" सुद्धा तोंडात बसतो. पेक्षा, दोन्ही, पण, सारखं, वेगळं, एवढे पाच शब्द आले की अर्धं काम झालं.

रविवारी आमचा आवडता अभ्यास म्हणजे पोहे. एका बशीत घरचे कांदेपोहे, दुसऱ्या बशीत छप्पन दुकान या इथल्या खाऊगल्लीतून आणलेले इंदुरी. घरच्यात कांदा फोडणीत परतलेला, शेंगदाणे, वरून ओलं खोबरं. इंदुरी पोहे वाफेवर गरम ठेवलेले, त्यात बडीशेप, वरून कच्चा कांदा, शेव, जिरावण (इथला चटपटीत मसाला), आणि शेजारी जलेबी. नातीने शोधलं की "ह्यांचा कांदा वरती बसलाय, आपला आत लपलाय." कुठले चांगले हे मात्र मी विचारत नाही. चांगलं-वाईट आलं की मूल बघायचं सोडून बाजू घ्यायला लागतं, मग फरक राहतात बाजूला.

कचऱ्याचंही तसंच. इंदूरचा २०१७मध्ये स्वच्छतेत देशात पहिला नंबर आला तेव्हापासून ओला हिरव्या डब्यात, सुका निळ्या डब्यात हे इथल्या पोराटोरांना पाठ आहे, पण का ते विचारा. एका कुंडीत केळ्याचं साल आणि चिप्सच्या पाकिटाचा तुकडा पुरा, तीन-चार आठवड्यांनी उकरा. साल जवळजवळ मातीच झालेलं असतं आणि पाकीट जसंच्या तसं.

पाच वर्षांच्या पुढचं मूल असेल तर फरशीवर रांगोळीने दोन गोल काढा, एकमेकांत थोडे घुसलेले. एका गोलात फक्त लिंबाचं, दुसऱ्यात फक्त मोसंबीचं, मधल्या जागेत दोघांचं. याला व्हेन डायग्राम म्हणतात, जॉन व्हेन यांनी १८८० साली मांडला. त्याआधीच्या वयात हा घोळ घालू नका, दोन हातांत दोन वस्तू एवढंच पुरतं.

आणि एक, सारखंच पाणी एका उंच ग्लासात आणि एका पसरट वाटीत ओतलं तर चार-पाच वर्षांचं मूल बहुतेक उंच ग्लासात जास्त आहे म्हणेल. ज्याँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञांनी हे दाखवून दिलंय, साधारण सात वर्षांच्या आसपास ते आपोआप सुटतं. तोवर ते "चुकलं" नाही, परत ओतून बघू द्या, बस.

घरातल्या जोड्या संपल्या तर बाहेर पडा. मागच्या महिन्यात आम्ही दोघी इथल्या राजवाड्यासमोर, म्हणजे होळकरांच्या जुन्या वाड्यासमोर, उभ्या होतो, सात मजले, खालचे तीन दगडाचे आणि वरचे चार लाकडाचे. मी फक्त म्हटलं, खालून वर बघत जा आणि कुठे बदलतं ते सांग. मान मागे टाकून बराच वेळ बघत होती, मग बोट दाखवून म्हणाली, "आजी, इथपर्यंत आपल्या ओट्यासारखं, आणि तिथून वर आपल्या पलंगासारखं."