दोघांच्या धंद्याची एलएलपी कशी काढावी

मी सीए नाही, वकीलही नाही. नाशिकला सातपूरमध्ये माझा जॉबवर्कचा गाळा आहे. आजवर स्वतःच्या दोन आणि मेहुणे-मित्रांच्या मिळून सात एलएलपी मी जवळून उभ्या राहताना पाहिल्या. त्यातल्या पहिलीत मार खाल्ला, म्हणून पुढच्या सगळ्यांना माझ्याच टेबलाशी बसवून कागद करून घेतले. हल्ली कोणी ‘दहा मिनिटांत एलएलपी’वाला व्हिडिओ पाठवला की मी तो उघडतही नाही. नोंदणीचं सरकारी पोर्टल त्यात दाखवलं तेवढंच सोपं आहे. अवघड काम पोर्टलच्या बाहेर, दोघांच्या मध्ये ठेवलेल्या कागदावर असतं आणि ते कुठल्याच व्हिडिओत नसतं.

एलएलपी म्हणजे मर्यादित दायित्व भागीदारी. कायदा 2008 चा. किमान दोन भागीदार लागतात. दोन जण ‘नियुक्त भागीदार’, म्हणजे कायद्याच्या कागदांना जबाबदार, असावे लागतात आणि त्यातला एक तरी भारतात राहणारा हवा. किमान भांडवलाची अट नाही. प्रायव्हेट लिमिटेड कंपनीला दरवर्षी ऑडिट सक्तीचं असतं. एलएलपीला ते उलाढाल 40 लाखांच्या किंवा भांडवल 25 लाखांच्या वर गेल्यावरच लागू होतं. उद्या बाहेरच्या गुंतवणूकदाराला हिस्सा द्यायचा बेत असेल तर सरळ कंपनी काढा. दोन-तीन ओळखीची माणसं मिळून धंदा करणार असतील तर एलएलपी पुरते.

एक भ्रम आधीच काढून टाका. ‘एलएलपी केली की घरदार सुरक्षित’ हे अर्धंच खरं आहे. माल देणाऱ्याचे पैसे थकले तर तो एलएलपीच्या मालमत्तेपर्यंत पोचेल, तुमच्या फ्लॅटपर्यंत नाही. पण बँक छोट्या एलएलपीला कर्ज देताना दोघांची वैयक्तिक हमी मागते. तिथे सही केली की त्या कर्जापुरतं मर्यादित दायित्व संपलं. फसवणुकीच्या हेतूने धंदा केला तरी कायदा हे संरक्षण काढून घेतो.

नाव, टोकन, फॉर्म

पोर्टलचं काम भराभर सांगतो. दोघांची डिजिटल सही काढा. ती यूएसबी टोकनवर येते. रन-एलएलपी या सेवेतून दोन नावं सुचवा, फी 200 रुपये. नाव मंजूर झालं की तीन महिने राखून मिळतं. नाव सुचवण्याआधी ट्रेडमार्कच्या सरकारी साइटवर ते नाव शोधून बघा. मग ‘फिलिप’ भरा. फिलिप हे नोंदणीच्या फॉर्मचंच नाव, कोणा साहेबाचं नव्हे. त्यावर प्रॅक्टिसमधल्या सीए, सीएस (कंपनी सेक्रेटरी) किंवा कॉस्ट अकाउंटंटची सही लागतेच, म्हणजे ‘सीएशिवाय स्वतः करा’ हेही थापच. भांडवल 1 लाखापर्यंत असेल तर नोंदणी फी 500 रुपये, 1 ते 5 लाखांत 2,000. अर्ज मानेसरच्या केंद्रात तपासला जातो, तेव्हा मुंबई-पुण्याच्या कचेरीत ओळख लावून काही हलत नाही. प्रमाणपत्राबरोबर पॅन आणि टॅनही (टीडीएससाठी लागणारा क्रमांक) येतात.

अर्ज परत येतो तो बहुतेक वेळा दोन कारणांनी. पॅनवर ‘सुनीता’ आणि आधारवर सासरच्या नावासह ‘सौ. सुनीता’ असं असेल तर आधी ते एकसारखं करून घ्या. दुसरं लाइट बिल. ते दोन महिन्यांपेक्षा जुनं नको आणि ज्याच्या नावावर असेल त्याचं संमतिपत्र हवं. बिल वारलेल्या आजोबांच्या नावावर असेल तर संमतीची सही कोण करणार? माझ्या मेहुण्याने याच गोष्टीत तीन आठवडे घालवले.

करारनामा

आता खरं काम. प्रमाणपत्र मिळालं की 30 दिवसांच्या आत एलएलपीचा करारनामा फॉर्म 3 सोबत भरायचा असतो. पण तो कोणी वाचत नाही. सीएच्या ऑफिसमधला मुलगा तयार मसुद्यात नावं बदलतो, आपण शेवटच्या पानावर सही करतो आणि चहा पितो.

माझा पहिला मसुदा मित्राने कुठूनतरी डाउनलोड केलेला होता. आम्ही लेथवर बुश आणि पिना काढणार होतो. पण करारनाम्याच्या चौदाव्या कलमात ‘कोळंबीच्या खाद्याची खरेदी-विक्री’ तशीच राहिली होती. ते वर्षभराने बँकेतल्या बाईंच्या लक्षात आलं आणि आम्ही तिघंही हसलो. पण त्याच मसुद्यातली दुसरी ओळ हसण्यासारखी नव्हती.

झालं असं. मित्राने रोख आणली होती, मी लेथ. लेथ जुनी, पण तीन लाखांच्या घरातली. कोणीतरी शहाण्याने सांगितलं, ‘भांडवल कमी दाखवा, फी वाचेल.’ आम्ही एकूण 1 लाख लिहिलं. त्यात त्याचे 90 हजार, माझे 10 हजार. लेथ कागदावर कुठेच नाही. तोंडी ठरलं होतं निम्मं-निम्मं. मसुद्यात होतं, ‘नफा भांडवलाच्या प्रमाणात’. तिसऱ्या वर्षी नवीन सीएने करारनामा मागवला, चष्मा वर केला आणि विचारलं, ‘तुमचा हिस्सा दहा टक्केच का?’ मित्र भला माणूस, म्हणून पुरवणी करारनामा करून पुन्हा फॉर्म 3 भरता आला. तो भला नसता तर माझ्या हातात काय होतं?

म्हणून माझा नियम असा. फिलिप भरण्याच्या आधी करारनाम्याचा मजकूर पक्का करायचा. दोघांनी वही घेऊन बसायचं, सीएशिवाय, बायकांना बोलावून. हो, बायकांना बोलावून, कारण खरे प्रश्न त्याच विचारतात. आणि पुढच्या गोष्टींची उत्तरं साध्या मराठीत लिहून काढायची. वकिली भाषा नंतर चढवता येते.

पहिली गोष्ट, कोण काय आणतो. रोख असेल तर किती आणि कधी. मशीन आणत असाल तर दोन वाटा आहेत. ते भांडवल म्हणून द्यायचं असेल तर सीए, कॉस्ट अकाउंटंट किंवा मान्यताप्राप्त मूल्यमापकाकडून किंमत काढून ती लिहा. त्यानंतर मशीन तुमचं राहत नाही, एलएलपीचं होतं, हे मनाशी पक्कं करा. नाहीतर मशीन स्वतःच्या नावावर ठेवा आणि एलएलपीला भाड्याने द्या, भाडं कागदावर लिहून. ‘आहे आपलंच’ ही तिसरी वाट भांडणाकडे जाते.

दुसरी गोष्ट नफा-तोट्याचं प्रमाण. ते आकड्यात लिहा, ‘50 : 50’ किंवा जे असेल ते. करारनामा गप्प असेल तर कायद्याची पहिली अनुसूची लागू होते आणि तिच्यात सगळं समसमान आहे. एकाने पाच लाख घातले आणि दुसऱ्याने पन्नास हजार, तरीही नफा समान. काहींना ते चालतं, पण आधी माहीत तर हवं.

तिसरी गोष्ट पगार, आणि इथे सर्वांत जास्त पैसे जातात. त्याच अनुसूचीप्रमाणे काम करणाऱ्या भागीदाराला मेहनताना मागता येत नाही. शिवाय प्राप्तिकरात एलएलपीला भागीदाराच्या मेहनतान्याची वजावट मिळते ती करारनाम्यात तो लिहिलेला असेल तरच, आणि तीही कायद्याच्या मर्यादेत. भांडवलावरच्या व्याजाचंही तसंच, वजावट जास्तीत जास्त 12 टक्क्यांपर्यंत. आम्ही दोघं महिन्याला पंधरा-पंधरा हजार उचलत होतो आणि करारनाम्यात पगाराचा शब्द नव्हता. सीएने ती सगळी रक्कम पुन्हा नफ्यात धरली आणि एलएलपीने तिच्यावर 30 टक्के कर भरला. वर उपकर. दोन ओळींचं कलम असतं तर हे झालं नसतं. आता 1 एप्रिल 2025 पासून भागीदाराला दिलेला मेहनताना आणि व्याज वर्षाला 20 हजारांच्या वर गेलं की 10 टक्के टीडीएसही कापावा लागतो, तेव्हा टॅन कपाटात ठेवून विसरू नका.

चौथी गोष्ट सह्या आणि मतभेद. करारनाम्यात काही नसेल तर निर्णय बहुमताने होतात, माणशी एक मत. दोघांच्या एलएलपीत बहुमत कुठून आणणार? रक्कम ठरवा. आमच्याकडे आता 25 हजारांपर्यंत कोणाही एकाची सही चालते, त्यावर दोघांची. अडलंच तर कोणाचा शब्द मानायचा, त्या तिसऱ्या माणसाचं नाव त्याला विचारून लिहा.

पाचवी गोष्ट बाहेर पडणं. लग्नाच्या बोलणीत कोणी घटस्फोटाचं काढावं तसं हे वाटतं, म्हणून सगळे टाळतात. मीही टाळलं. पाचव्या वर्षी मित्राला गावाकडे जायचं होतं. भांडण नव्हतं, तरी हिशोबाला सात महिने लागले. कारण लेथची किंमत आजची धरायची की पुस्तकातली, आणि बाजारात अडकलेली उधारी वसूल होईल असं धरायचं की नाही, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. कायदा एवढंच सांगतो की 30 दिवसांची नोटीस देऊन जाता येतं आणि जाणाऱ्याला त्याचं भांडवल व साठलेल्या नफ्यातला हिस्सा मिळतो. किंमत कोण काढणार, पैसे एकरकमी की हप्त्यांनी, उधारीचं काय, जाणारा शेजारच्याच गाळ्यात तोच धंदा टाकू शकतो का, हे तुम्हीच ठरवायचं.

याच पोटात मृत्यूचं कलम. वारसाला भागीदाराचे पैसे मिळतात, कारभारात हात घालता येत नाही. आणि एकच भागीदार उरला आणि त्याने तसाच सहा महिन्यांच्या पुढे धंदा चालवला, तर त्या पुढच्या काळातल्या देण्यांना तो स्वतः जबाबदार धरला जातो. वारसाला भागीदार म्हणून घ्यायचं का, हे आजच लिहा.

दुसरा भागीदार सापडत नाही म्हणून बायकोचं किंवा आईचं नाव नुसतं ‘घालून ठेवणारे’ खूप आहेत. नियुक्त भागीदार ही शोभेची खुर्ची नाही. वार्षिक कागदांवर तिची सही असते आणि ते चुकले तर दंडाची नोटीस तिच्याही नावाने येते. तिला धंदा समजावून सांगा, मग सही घ्या.

मुद्रांक

इथे क्रम चुकला की दंड. प्रमाणपत्र आलं की आधी मुद्रांक शुल्क भरा, मग करारनाम्यावर सही करा. साध्या कागदावर सह्या करून नंतर बाँड जोडायची पद्धत सर्रास आहे आणि चूक आहे. कमी किंवा उशिरा भरलेल्या शुल्कावर महाराष्ट्रात महिन्याला 2 टक्के दंड चढतो. ‘500 च्या बाँडवर भागतं’ हेही सरसकट खरं नाही. भांडवल 50 हजारांपर्यंत असेल तरच 500. त्यावर भांडवलाच्या 1 टक्का, एका कमाल मर्यादेपर्यंत. 5 लाखांचं भांडवल म्हणजे 5,000 रुपये. राज्य सरकारच्या ग्रास पोर्टलवर ई-चलनाने भरता येतं.

आमचा पहिला करारनामा याच गोंधळात खणात पडून राहिला. 41 दिवस उशीर झाला, तेव्हा दिवसाला 100 रुपये लागायचे, म्हणजे 4,100 रुपये पाण्यात. 2022 पासून हे गणित बदललंय, उशिरागणिक मूळ फीच्या पटीत रक्कम वाढते. मजकूर आधी तयार असेल तर प्रमाणपत्र आल्यावर शुल्क, सह्या, स्कॅन आणि फॉर्म 3 हे सगळं आठवड्यात उरकतं.

त्यानंतर

बँकेत खातं काढा आणि ठरलेलं भांडवल दोघांनी आपापल्या खात्यातून भरा, रोखीने नको. उद्यम नोंदणी (लघुउद्योगांची) सरकारी साइटवर फुकट होते, त्यासाठी पैसे मागणाऱ्या साइटवरून लगेच बाहेर पडा. जीएसटी उलाढालीप्रमाणे. गुमास्ता, म्हणजे दुकाने-आस्थापना नोंदणी, ऑनलाइन. बिलबुकावर एलएलपीचं पूर्ण नाव, पत्ता, नोंदणी क्रमांक आणि मर्यादित दायित्वाने नोंदलेली असल्याचा उल्लेख छापून घ्या. आधीच हजार बिलं छापलेली असतील तर शिक्का करून घ्या.

वर्षाचे कागद दोन. फॉर्म 11 (वार्षिक विवरण) ची शेवटची तारीख 30 मे, फॉर्म 8 (हिशोबाचं विवरण) ची 30 ऑक्टोबर. वर्षभरात एक रुपयाचा धंदा झाला नसला तरी दोन्ही भरावे लागतात. प्राप्तिकराचं विवरणपत्र वेगळं. गाळ्यातल्या कॅलेंडरवर मी जानेवारीतच या दोन तारखांभोवती लाल गोल करतो आणि त्याच्या पंधरा दिवस आधी एक निळा. निळा टोकनसाठी. डिजिटल सही बहुधा दोन वर्षांची घेतलेली असते आणि ती संपल्याचं एकोणतीस ऑक्टोबरला रात्री, सीएचा फोन लागत नसताना कळतं.